शरयूताईंचं मॅचिंग

शरयूताईंनी माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा आमची ओळख होऊन चार वर्षं झाली होती. तोवर त्या फक्त माझ्या हातातल्या साडीकडे बघायच्या. डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत एक मॅचिंग सेंटर आहे. तिथल्या काउंटरमागे त्या एकतीस वर्षं उभ्या होत्या. रस्त्यात भेटल्या की मी "काय शरयूताई?" म्हणायचे, आणि त्या गोंधळून माझ्या खांद्याकडे बघायच्या. मग त्यांना आठवायचं. "हां, डाळिंबी नारायणपेठ. बसला का ब्लाउज नीट?" त्यांच्या डोक्यात मी डाळिंबी नारायणपेठ होते. माझी बहीण चटणी रंगाची कॉटन होती. आणि आमच्या शेजारच्या जोशीकाकू, ज्यांनी एकदा त्यांचं न ऐकता दुसरीकडून पीस घेतला होता, त्या कायमच्या "फसलेली मोरपंखी" होऊन बसल्या होत्या.

मॅचिंगच्या दुकानात गिऱ्हाईक साडी काढतं, काउंटरवरचा माणूस चार तागे आपटतो, त्यातला एक बरा वाटतो, आणि सव्वा मीटर फाडून मिळतं. शरयूताईंकडे असं होत नसे. त्या साडीचं टोक हातात घेत, बोटांनी चुरगाळत, तागा न बघता मागच्या फळीवरून ओढून काढत, आणि म्हणत, "चला बाहेर." मग त्या, मी आणि साडीचं टोक असे तिघे रस्त्यावर. दोन लावलेल्या स्कूटर्सच्या मधे उभं राहून त्या साडी आणि पीस आभाळाकडे धरायच्या. "आतली ट्यूबलाइट खोटं बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागून रिक्षावाला हॉर्न द्यायचा. शरयूताई न वळता म्हणायच्या, "थांब रे, रंग बघतेय." आणि मी डोळ्यांनी पाहिलंय, रिक्षावाले थांबायचे.

बाई लहानखुऱ्या, लग्न न केलेल्या, मूळच्या चिपळूणच्या. गळ्यात नाडीने बांधलेली कात्री. स्वतः नेहमी फिकट, जवळजवळ रंग नसलेल्या साड्या नेसायच्या. का, तर काउंटरवर आपला रंग मधे येऊ नये. आणि रंगांना त्या कधी दुकानातली नावं वापरत नसत. पिस्ता, रामा ग्रीन, राणी हे सगळं मालकांच्या पाटीवर. शरयूताईंचे रंग म्हणजे "कालच्या वरणाचा पिवळा", "तिसऱ्या वर्षीच्या शाळेच्या स्कर्टचा निळा", "दूध घातलेलं आमसुलाचं सार". मला पाच-सात रंगांपलीकडे कळत नाही, पण कालच्या वरणाचा पिवळा म्हटलं की मलासुद्धा बरोबर दिसायचा.

तर चेहरा पाहिला त्याची गोष्ट. आम्ही नऊ वर्षांपूर्वी कल्याणला खडकपाड्याला टू बीएचके घेतला. घरात मी, माझा नवरा मंदार आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई. रंग कुठला द्यायचा यावरून आमच्यात महिनाभर चाललं होतं. मंदारला सगळं पांढरं हवं होतं, कारण उद्या विकायचं झालं तर बरं पडतं. माईंना प्रत्येक खोली वेगळ्या रंगाची हवी होती, कारण पन्नास वर्षं एकाच खोलीत काढल्यावर निदान खोल्या बदलल्याचं कळायला पाहिजे. मला शांतता हवी होती. त्या दिवसांत मी ब्लाउजपीस घ्यायला गेले आणि बोलता बोलता पर्समधलं पेंटचं शेडकार्ड काउंटरवर ठेवलं.

शरयूताईंनी ते उघडलं. पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन बघितले आणि मिटून परत दिलं.

"एवढ्याशा चौकोनावरून घर? मी एवढ्या तुकड्यावरून बाहीची पट्टीसुद्धा देत नाही." आणि मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुझं नाव काय गं?"

"वैशाली."

"रविवारी दुकान बंद असतं. पत्ता सांग."

रविवारी त्या आल्या आणि भिंतींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी हॉलमध्ये फरशीवर बसल्या, सोफा येणार होता त्या जागी. मग ओट्यापाशी उभ्या राहिल्या, भाजी चिरत असल्यासारखे हात करून. मग माईंच्या खोलीत जमिनीवर चक्क आडव्या झाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. मंदार माझ्या कानात म्हणाला, "यांना बरं वाटत नाहीये का?"

"मंदारराव," पडल्या पडल्याच त्या म्हणाल्या, "इथून मला तुमचा पॅसेज दिसतो आणि हॉलचा एवढा तुकडा. ओट्यापासून हॉल दिसतो आणि या खोलीचं दार. आपल्या घरांत एक खोली एकटी कधी दिसतच नाही. दुसरीचा तुकडा बरोबर असतोच. लोक प्रत्येक खोलीत मधोमध उभं राहून रंग ठरवतात आणि मग सांगतात, काहीतरी खटकतंय."

मग उठून बसत त्यांनी आम्हाला घर समजावून सांगितलं. हॉल म्हणजे साडी. पॅसेज म्हणजे काठ. स्वयंपाकघर पदर, तिथे थोडा थाट चालतो. झोपायच्या खोल्या म्हणजे ब्लाउज. साडीतलाच एक धागा उचलायचा, पण साडी व्हायचं नाही.

"आणि संडास-बाथरूम?" मंदारने विचारलं. त्याला वाटलं आता कोंडीत पकडलं.

"परकर," शरयूताई म्हणाल्या. "दिसत नाही. पण चुकला तर तेवढाच दिसतो."

पुढच्या रविवारी त्या बावीस ब्लाउजपीस घेऊन आल्या. मालकांना सांगून आणले होते, घडीला घडी परत द्यायच्या बोलीवर. ते त्यांनी टाचण्या न टोचता, चिकटपट्टीने भिंतींवर लावले. हॉलमध्ये आठ, स्वयंपाकघरात पाच, बाकीचे इतरत्र. "आठ दिवस यांच्यात वावरा. सकाळ, दुपार, दिवे लावल्यावर. जो नकोसा होईल तो काढून टाका. जबरदस्ती नाही."

आम्ही नुकतंच सामान हलवलं होतं, त्यामुळे बिल्डिंगमधली माणसं घर बघायला येत होती. समोरच्या बाई आत आल्या, भिंतींवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाल्या, "सेल लावलाय का? तो गाजरी दाखवा ना." रंगकाम करायला आलेले यादवजी दोन्ही हात कमरेवर ठेवून बराच वेळ उभे होते. "भाभी, ये तो ब्लाउजपीस है." मी म्हटलं, हो. "पूरे घर को?" मी म्हटलं, हो. त्यांनी बाहेर जाऊन तंबाखू खाल्ली.

आठ दिवसांत एकेक करून तुकडे उतरले आणि शेवटी प्रत्येक खोलीत एकच उरला. हॉलमध्ये जो राहिला तो शरयूताईंच्या भाषेत "भिजवून सोललेला बदाम". मलाही पटला, मंदारलाही पटला, कारण त्याच्या मते तो जवळजवळ पांढराच होता. शनिवारी मी ऑफिसातून आले. आमचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये, त्यामुळे घरी यायला सात वाजतात. बघते तर हॉलची भिंत रिकामी.

"माई, इथला पीस?"

"कुमुद आली होती," माई म्हणाल्या. कुमुद म्हणजे त्यांची टिटवाळ्याची मावसबहीण. "पहिल्यांदा घरी आली. बावीस ब्लाउजपीस आणून ठेवलेल्या घरातून सवाष्णीला रिकाम्या ओटीने पाठवू? गहू होते, नारळ होता. म्हटलं त्यातल्या त्यात सोज्वळ रंग तो आहे."

आमचा हॉल ओटीत गेला होता.

शरयूताईंना फोन केला. त्यांनी नेमका कुठला पीस ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या ताग्याचा शेवटचा तुकडा होता तो. उद्या टिटवाळ्याला जाऊ."

टिटवाळ्याला कुमुदमावशींनी आमचं फार प्रेमाने स्वागत केलं आणि सांगितलं की पीस आल्या पावली शिंप्याकडे टाकला, कारण कधी नव्हे तो ओटीत मनासारखा रंग आला होता. शिंपी स्टेशनच्या बाजूला. आम्ही पोचलो तेव्हा त्याने तो बेतून कापलासुद्धा होता. शरयूताईंनी कापलेले भाग हातात घेऊन पाहिले, परत ठेवले. कुणाच्या अंगावरचं मागायचं नाही एवढं त्यांना कळत होतं. मग त्या मशीनखाली ठेवलेल्या कातरणाच्या पोत्यासमोर फतकल मारून बसल्या. अर्धा तास. शेवटी त्यांनी तळहाताएवढा एक तिकोनी तुकडा वर काढला, बाहेर नेऊन उन्हात धरला, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

"एवढ्याशा चिंधीचं काय करणार, आजी?" शिंप्याने विचारलं.

"हॉल," त्या म्हणाल्या.

तो तुकडा घेऊन यादवजी आणि शरयूताई पेंटच्या दुकानात गेले. तिथल्या कॉम्प्युटरने रंग ओळखला आणि डबा भरून दिला. शरयूताईंनी झाकण काढून एक बोट बुडवलं, ते बोट घेऊन रस्त्यावर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "यात काळा जास्त आहे. अर्धा थेंब." दुकानदार म्हणाला, मशीन चुकत नाही. शरयूताई म्हणाल्या, मशीन ट्यूबलाइटखाली बसलंय. तिसऱ्या वेळेला रंग त्यांच्या मनासारखा झाला, आणि यादवजी त्यांच्या पंथाला लागले. त्यानंतर ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "पहले दीदी को दिखाओ." आमचा हॉल आजही तसाच आहे. कुमुदमावशी तो ब्लाउज घालून भिंतीला टेकून बसल्या की त्यांचे हात भिंतीतून उगवल्यासारखे दिसतात.

तिथून शरयूताईंचं नाव पसरलं. डोंबिवली, कल्याण, एक-दोनदा ठाणे. रविवार कधी रिकामा नसे. त्या घ्यायच्या फक्त चहा, तोही पांढऱ्या कपात, कारण रंग दिसल्याशिवाय चहा कसा झालाय हे कळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दिव्याखाली बसून त्यांनी कधी एका भिंतीचा निर्णय दिला नाही. आणि वाद घातला तर उत्तर न देता घरातल्या बाईला विचारायच्या, "तुमच्या लग्नाचा शालू कुठला?" तो काढायला लावून भिंतीवर धरायच्या. शालूपुढे कुणी वाद घालत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

सहा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरून पाणी झिरपून माईंच्या खोलीचा रंग गेला. शरयूताई आल्या, पलंगावर आडव्या झाल्या, आणि म्हणाल्या, "पारवा देऊ. मऊ राखाडी. म्हातारपणी डोळ्याला त्रास नको." त्यांनी पर्समधून पीस काढून भिंतीला लावला. माई म्हणाल्या, "छान राखाडी आहे." मी बघितलं. मला तो निळा दिसत होता. साधा नाही, भडक, जांभळ्याकडे झुकणारा निळा. मी मंदारकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

स्वयंपाकघरात आमची कुजबूज झाली. "पारवा म्हणाल्या ना?" "हो." "पारवा राखाडी असतो ना?" "चिपळूणकडचे वेगळे असतील." यादवजी डबा उघडून थबकले. "भाभी, ये ग्रे है?" मी म्हटलं, "दीदीने बोला?" ते म्हणाले, "दीदी ने तो ग्रे ही बोला." मग ते डबा ढवळायला लागले. "तो फिर ग्रे ही होगा."

दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींना दुजोरा देत होत्या आणि आम्ही तिघं धडधाकट माणसं आपापल्या डोळ्यांवर संशय घेत होतो. शरयूताई इतकी वर्षं बरोबर निघाल्या होत्या की चुकत असू तर आम्हीच, असं आम्ही धरून चाललो. खोली झाली. मंदार तिला स्विमिंग पूल म्हणायचा, पण बाहेर.

वर्षभराने माईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी येऊन त्या आधी आरशासमोर गेल्या आणि सुरकुत्या बघून दिवसभर गप्प होत्या. खोलीबद्दल काही बोलल्या नाहीत.

आणि मग गेल्याच्या गेल्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी शरयूताई आमच्या दारात. मी त्या दिवशी रजेवर होते. त्या कधी कामाच्या दिवशी आलेल्या नव्हत्या. गळ्यात कात्री नव्हती.

"मला म्हणतात, ताई, तुम्ही आता फॉल-बीडिंगकडे बसा," त्या म्हणाल्या. "खुर्ची दिलीय. पंखा आहे डोक्यावर."

हळूहळू कळलं ते असं. एका मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीच्या काळ्या साडीवर शरयूताईंनी नेव्ही ब्लू पीस दिला होता. ती लोकं शिवून झाल्यावर परत आली. आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं. मालक भला माणूस. त्यांनी मधल्या दोन-तीन चुका निस्तरल्या होत्या, आवाज न करता. आता मात्र त्यांना जागा बदलावी लागली.

"काळाच होता तो," शरयूताई म्हणाल्या. "बाहेर नेऊन बघितला मी. उन्हात."

मी पाणी दिलं. मला चार वर्षांची ती खोली आठवत होती, तिचं दार उघडं होतं आणि शरयूताई नेमक्या समोर बसल्या होत्या. माई आतून आल्या.

"शरयू, तुला मोतीबिंदू झालाय," त्या म्हणाल्या. "मला दोन वर्षं सगळं तुपात तळलेलं दिसत होतं. मला वाटायचं, जगच तसं आहे. दाखवून घे."

"माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, माई."

"माझ्याही नव्हतं झालं."

शरयूताईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भिंग बदलतात ना गं? मग ते नवीन भिंग. त्याला माझे रंग ओळखू येतील का?"

त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आणि मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून मी काही सांगितलं नाही. पण डॉक्टरांकडे बरोबर गेले.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. डावा नंतर करायचा ठरला. पंधरा दिवसांनी काळा गॉगल लावून त्या आमच्याकडे आल्या आणि हॉलमध्ये उभ्या राहून गॉगल काढला. डावा डोळा मिटला, बघितलं. उजवा मिटला, बघितलं. "हां," म्हणाल्या, "बदाम बदामच आहे. थोडा तुपात परतलेला होता एवढंच." चेहरा खुलला. मग पॅसेजमधून त्या माईंच्या खोलीपाशी गेल्या. डावा डोळा मिटला.

आम्ही सगळे पाठीमागे उभे. उजवा मिटला. परत डावा.

"हे मी दिलं?"

मंदार फरशीकडे बघायला लागला.

"वैशाली, हा काय रंग आहे?"

"निळा," मी म्हटलं.

"हे मला चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पारवा म्हणालात."

त्या पलंगाच्या काठावर बसल्या. "आणि माई, तुम्ही यात चार वर्षं झोपलात?"

"पहिलं वर्ष राखाडीत झोपले," माई म्हणाल्या. "नंतर यात. मला आवडतो."

"चुकलाय तो."

"चुकला असेल."

पुढच्या रविवारी शरयूताई यादवजींना घेऊन आल्या. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणार, यात आमचा काही संबंध नाही, असा त्यांचा पवित्रा. यादवजी शिडी घेऊन दारात. माई पलंगावर डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन.

"माई, उठा. दोन दिवस हॉलमध्ये झोपा."

"मला बरं नाहीये."

"काय होतंय?"

"काही होत नाहीये. पण रंगाचा वास चालणार नाही."

"बिनवासाचा आणलाय."

मग माई उठून बसल्या. माईंचं माहेर दापोलीच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. लग्न होऊन डोंबिवलीला आल्या त्याला पंचावन्न वर्षं झाली. "हे बघ शरयू," त्या म्हणाल्या, "पहाटे जाग येते ना, तेव्हा क्षणभर मला वाटतं मी माहेरी आहे. समोर पाणी दिसतं. आता हा रंग काढून मला परत सासरी पाठवू नकोस."

यादवजी शिडी घेऊन खाली गेले. त्यांना मराठी चांगलं कळतं.

शरयूताईंना ते पटलं नाही. त्या दिवशी त्या चहा न घेता गेल्या. घरी बसून त्यांनी मधल्या चार-पाच वर्षांत रंग दिलेल्या घरांची यादी केली. सहा निघाली. "सगळ्यांची माफी मागायची आणि सगळी बदलून द्यायची," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "तू चल. माझ्या एका डोळ्याला साक्षीदार हवा."

पहिलं घर गुरवसरांचं. एमआयडीसीच्या बाजूला राहणारे निवृत्त मास्तर, बायको गेलेली, एकटेच. मी त्यांना आधी एकदा पाहिलं होतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज खालच्या पट्टीत. दार उघडलं ते फुलाफुलांच्या शर्टातल्या माणसाने. मागे हॉल होता, आणि हॉल जांभळा होता. शरयूताईंनी तिथे काय द्यायचं ठरवलं होतं ते त्यांनी मला येताना सांगितलं होतं: ओल्या सिमेंटचा रंग.

त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा मिटला आणि घसा साफ केला. "सर, मी तुम्हाला एक सांगायला आलेय."

"आधी मला सांगू द्या," सर म्हणाले. "तुमचे आभारच मानायचे राहून गेले. हा रंग लागला त्या दिवशी मी घाबरलो होतो. म्हटलं, हे माझ्यासारख्या माणसाला? मग विचार केला, बाईंची नजर आहे. त्यांनी माझ्यात काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच दिला. आयुष्यभर मला कुणी असा रंग दिला नसता." ते थोडं थांबले. "मी पेटी शिकतोय आता. ठाण्याला जातो. बरोबर ओळखलंत ना तुम्ही?"

मी शरयूताईंकडे बघितलं. ही बाई रंगाच्या बाबतीत एकतीस वर्षांत कुणाला एक शब्द खोटा बोललेली नव्हती. जोशीकाकूंना तोंडावर "फसलात" म्हणणारी ती हीच.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "दिसत होतं ते."

रिक्षात त्या आळीपाळीने एकेक डोळा मिटून बाहेर बघत होत्या. कल्याण-शीळ रस्ता आला. मग म्हणाल्या, "पण तो जांभळा तिथे एकटा पडलाय गं. शेजारी स्वयंपाकघर पांढरं फटक. बिचारा ओरडल्यासारखा दिसतो." आणि थोड्या वेळाने, "यादवजींना मंगळवारी मोकळा वेळ आहे का बघ."

त्या सहाही घरांतला एकही चुकलेला रंग शरयूताईंनी बदलला नाही. बदललं ते आजूबाजूचं. सरांचं स्वयंपाकघर त्यांनी फिक्या वांग्याच्या फुलासारखं केलं, म्हणजे हॉलला बोलायला कुणीतरी झालं. आमच्याकडे आल्या तेव्हा माईंच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. एकीकडे बदाम, दुसरीकडे तो निळा, मधे पाच फुटांची भिंत. दोन दिवस तिथे तुकडे लावत, काढत होत्या, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघत. शेवटी एक ठरला, किंचित ओलसर, फिकट तपकिरी.

रंग वाळल्यावर माई हॉलमधून आपल्या खोलीकडे निघाल्या आणि पॅसेजमध्ये थांबल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आधी पुळणीची वाळू लागते, मग पाणी."

"मी फक्त रंगाचं बघितलं," शरयूताई म्हणाल्या. "पुळण तुमची." पण त्या दिवशी चहा दोनदा घेतला.

दुकानात मालकांनी त्यांना काउंटरवर परत बोलावलं. त्या गेल्याही, पण सहा महिन्यांनी स्वतःहून सोडलं. नेव्ही ब्लू आणि काळा आता लांबून ओळखायच्या, तरी दोनदा बाहेर नेऊन बघायची सवय लागली होती आणि रांग वाढत होती. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र त्या पुढे ढकलत होत्या. "एक जुना असू दे. मी काय काय दिलंय ते मला त्याच्यातूनच कळतं." डॉक्टर रागावले तेव्हा कुठे तयार झाल्या. तो डोळा झाल्यावर महिन्याभरात त्या चिपळूणला बहिणीकडे राहायला गेल्या. आता फोनवर भेटतात. बहिणीच्या घराचे दरवाजे सध्या त्यांच्या मनातून उतरलेत.

माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या या दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाच्या. संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन होतं. "जरा बाजारातून चक्कर मारू," म्हणाल्या. घ्यायचं काही नव्हतं. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर भाजीवाले, फुलवाले ओळीने बसतात, तिथून आम्ही चाललो होतो. शरयूताई प्रत्येकापुढे थांबत, नवा उजवा डोळा मिटत आणि जुन्या डोळ्याने टोमॅटो, वांगी, लिंबं बघून घेत. जुन्या डोळ्याची ती शेवटची फेरी होती. मी पिशवी धरून मागे.

ओळीच्या टोकाला एक म्हातारा फुलवाला होता. पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, पुढ्यात ओल्या फडक्यावर अबोलीचे गजरे. शरयूताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, एक डोळा मिटला आणि हसल्या. त्याने मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. त्यांनी दुसरा डोळा मिटला. मग परत पहिला. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली.

"सुंदर," शरयूताई म्हणाल्या. त्या अबोलीबद्दल बोलत होत्या.

त्याने न विचारता एक लांब गजरा मापून तोडला, त्यावर आणखी एक वीत धरली, पानात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "रोज येतात का या इकडनं?"

"उद्या ऑपरेशन आहे त्यांचं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. शरयूताईंनी पान उघडून गजरा उन्हात धरला, मान तिरकी केली, आणि त्याच्या दिशेने एक डोळा घट्ट मिटून घेतला. म्हाताऱ्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यानेही मिटला.